आरोपी पळून जाणार नाही, हे न्यायालयाला कसे पटवून द्यावे: गोव्यातील जामीन अर्जासाठी मार्गदर्शन

जामीन अर्जाला विरोध करताना सरकार पक्षाकडून बहुधा तीन आक्षेप घेतले जातात: आरोपी पळून जाईल, पुराव्यात ढवळाढवळ करील आणि साक्षीदारांवर दबाव आणील. यांपैकी पहिल्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. अर्जाचा मसुदा वकीलच करतात. परंतु त्या मसुद्यात भरायचा मजकूर, म्हणजे आरोपीचे घर, काम, माणसे आणि कागदपत्रे, हा घरच्यांनीच गोळा करून द्यावा लागतो आणि तोही अटकेनंतरच्या धावपळीत. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः घरच्यांसाठी आणि नव्याने वकिली सुरू केलेल्यांसाठी लिहिले आहे.

प्रथम गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे पाहावे. जामीनपात्र गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ प्रमाणे जामीन हा आरोपीचा हक्कच असतो. तिथे पळून जाण्याची चर्चा करण्याचे कारण नाही. हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो अजामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे कलम ४८० किंवा ४८३ खालील नियमित जामिनात आणि कलम ४८२ खालील अटकपूर्व जामिनात. (१ जुलै २०२४ पूर्वी हीच कलमे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६, ४३७, ४३९ आणि ४३८ या क्रमांकांनी होती, जुने निवाडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.) एक अपवाद गोव्यात वारंवार आडवा येतो. अमली पदार्थांचे प्रमाण व्यावसायिक स्वरूपाचे असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३७ मुळे आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे, हे आधी न्यायालयाला वाटावे लागते. अशा प्रकरणात आरोपी पिढ्यान्‌पिढ्या हणजुण्यात राहतो, एवढे दाखवून जामीन मिळत नाही.

न्यायालय नेमके काय पाहते

१९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सविस्तर मांडली. आरोपी त्या ठिकाणी किती काळ राहत आहे, तो काय काम करतो, त्याची आर्थिक स्थिती कशी आहे, कुटुंब कुठे आहे, लौकिक कसा आहे, पूर्वी जामिनावर असताना तो तारखांना हजर राहिला होता का, त्याच्याबद्दल शब्द टाकणारी जबाबदार माणसे कोण, आरोपाचे स्वरूप काय आणि शिक्षा होण्याची शक्यता किती, हे सारे एकत्र तोलावे, असे त्या निवाड्यात म्हटले आहे. आरोपाचे गांभीर्य या यादीत आहे, परंतु ते अनेक बाबींपैकी एक आहे. सरकार पक्षाचा युक्तिवाद मात्र बहुतेक वेळा त्या एकाच बाबीवर उभा असतो: गुन्हा मोठा, शिक्षा मोठी, म्हणून हा पळणार. उरलेल्या बाबींवर अर्जदाराने काहीच लिहिले नाही, तर न्यायाधीशांपुढे तोलायला दुसरे काही उरत नाही.

गोव्याच्या संदर्भात आणखी एक अडचण असते. पळून जाणारे आणि गोवा यांची सांगड लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. तिहार तुरुंगातून निसटलेला चार्ल्स शोभराज एप्रिल १९८६ मध्ये पर्वरीच्या एका हॉटेलात पकडला गेला, हे आजही सांगितले जाते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून माणसे दगावली, तेव्हा क्लबचे मालक काही तासांतच थायलंडला गेल्याचे आणि पुढे त्यांना परत आणल्याचे सर्वांनी वाचले. असे दाखले युक्तिवादात आले, तर पी. चिदंबरम यांच्या प्रकरणातील ऑक्टोबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा पुढे ठेवावा. इतर काही आरोपी देशाबाहेर पळाले, म्हणून समोर उभ्या असलेल्या आरोपीलाही त्याच मापाने मोजून जामीन नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे.

वाक्य नव्हे, कागद

"अर्जदार प्रतिष्ठित कुटुंबातील असून समाजात त्याची मुळे खोलवर रुजलेली आहेत." हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असते आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी असे लिहिलेले पाहावे: "अर्जदार जन्मापासून बांदोडा पंचायत क्षेत्रात राहतो. घर आजोबांच्या नावे असून चालू वर्षाची घरपट्टीची पावती परिशिष्ट 'अ' म्हणून जोडली आहे. तो गेली अकरा वर्षे फोंडा येथे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. व्यवसाय परवाना परिशिष्ट 'ब' आहे. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि तिला नेणारा घरात दुसरा कोणी नाही. इस्पितळाचे कागद परिशिष्ट 'क' आहेत." या उताऱ्यातील प्रत्येक विधान पोलिसांना जागेवर जाऊन तपासता येते, आणि त्यातच त्याचे वजन आहे. तपास अधिकाऱ्याने लेखी म्हणण्यात "आरोपी फरार होण्याची शक्यता आहे" एवढे एकच वाक्य लिहिले असेल, तर या मजकुरापुढे ते फिके पडते.

घराचा पुरावा गोव्यात वाटतो तितका सरळ नसतो. घरपट्टी मयत आजोबांच्या नावे, वीजबिल काकांच्या नावे आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर कधीकाळच्या भाटकाराचे (जमीनमालकाचे) किंवा कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) नाव, अशी स्थिती असंख्य घरांत आहे. त्यामुळे एकाच कागदावर विसंबू नये. मतदार यादीतील नोंद, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला आणि आरोपीने पूर्वी कधी नोकरीसाठी मामलेदार कार्यालयातून पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढला असल्यास तोही जोडावा. नावे का जुळत नाहीत, हे वंशावळीसह दोन ओळींत आधीच सांगून टाकावे. घर मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, असेल तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही. तीन पिढ्या त्याच जागेत राहिलेला मुंडकार हा पळून जाण्याच्या दृष्टीने कित्येक मालकांपेक्षा अधिक स्थिर माणूस असतो.

आरोपी भाड्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय कामगार असेल, तर घरमालकाचे प्रतिज्ञापत्र, भाडेकरार आणि पोलिसांकडे केलेल्या भाडेकरू पडताळणीची पोच हे तीन कागद महत्त्वाचे ठरतात. पडताळणी झालीच नसेल, तर ती चूक घरमालकाची असूनही तिचा फटका आरोपीला बसतो. मग मूळ गावचा पत्ता, तिथल्या नातेवाइकांची नावे आणि गोव्यातील कामाचा सलग इतिहास यांवर भर द्यावा.

नोकरीच्या बाबतीत मालकाचे पत्र आणावे, परंतु चारित्र्याच्या प्रशस्तीचे नको. कधीपासून नोकरीत, कोणत्या हुद्द्यावर, वेतन किती, भविष्यनिर्वाह निधीची कपात होते का आणि जामीन झाल्यास पुन्हा कामावर घेणार का, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. सुटल्यावर नोकरीच उरणार नसेल, तर ती नोकरी आरोपीला इथे धरून ठेवते असे म्हणण्यात अर्थ राहत नाही.

अटकेपूर्वीचे वर्तन हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस दिली असेल आणि आरोपी त्याप्रमाणे ठाण्यावर हजर राहिला असेल, तर त्या तारखा, वेळा आणि पोच तक्त्याच्या रूपात द्याव्यात. पूर्वीचा एखादा खटला असल्यास तो लपवू नये. उलट त्या खटल्याच्या रोजनाम्याची, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित प्रत काढावी. आरोपी तिथे तारखांना नियमित हजर असेल, तर जुना खटला त्याच्या विरोधात न जाता त्याच्या बाजूने बोलतो. गुन्हा नोंदला गेला त्या दिवशी आरोपी गावात नव्हता, एवढ्यावरून त्याला फरार म्हटले जाते. अशा वेळी तो कुठे होता, कधी गेला होता आणि गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर काय केले, हे तिकिटांसह सांगावे.

दुबळी बाजू आधी आपणच मांडावी

पासपोर्ट, परदेशातील नातेवाईक, जहाजावरची नोकरी, पूर्वी निघालेले वॉरंट: यांपैकी जे असेल ते अर्जातच सांगावे. सरकारी वकिलांनी ते सुनावणीत उघड केले, तर आरोपी पळेल की नाही हा प्रश्न बाजूला पडतो आणि अर्जदार माहिती दडवतो, हाच ठसा उरतो.

पोर्तुगीज कागदपत्रांचा मुद्दा फार जपून हाताळावा लागतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या जन्माची नोंद लिस्बनमध्ये करता येत असल्याने अनेक कुटुंबांत ती झालेली असते. इथे तीन वेगळ्या अवस्था आहेत: केवळ जन्मनोंद झालेली, पोर्तुगीज ओळखपत्र घेतलेले आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला. आरोपी यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे वकिलांना नेमके सांगावे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतल्यास नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्यानंतरही भारतीय पासपोर्ट वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. म्हणजे जामिनासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रातील एका बेसावध वाक्याने दुसरा खटला ओढवून घेतला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या वादात जामीन अर्जाने शिरू नये. दोन पासपोर्ट जवळ असतील तर काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे वकिलांनीच ठरवावे. घरच्यांनी स्वतःहून कोणताही कागद पोलिसांपुढे ठेवू नये आणि नष्ट तर मुळीच करू नये.

तारवट्यांची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, गोष्ट निराळी आहे. गोव्यातील हजारो घरे जहाजावरच्या पगारावर चालतात, आणि जो माणूस वर्षातले सहा ते नऊ महिने कराराने समुद्रावरच असतो, त्याला "तुम्ही देशाबाहेर जाणार नाही ना?" असे विचारणे म्हणजे नोकरी सोडणार का, असे विचारण्यासारखेच आहे. अशा अर्जात आधीच्या करारांचे सर्व दाखले द्यावेत आणि प्रत्येक कराराअंती तो घरी परतला, हे सीडीसीवरील, म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेतील, नोंदींवरून दाखवावे. दहा वेळा जाऊन दहा वेळा परत आलेल्या माणसाबद्दल "हा गेला की येणार नाही" असे म्हणणे सरकार पक्षाला जड जाते. आरंभी पासपोर्ट जमा करण्याची तयारी दाखवावी आणि पुढे करार मिळाल्यावर ठरावीक मुदतीसाठी परवानगी मागावी. खटला प्रलंबित असताना पासपोर्टचे नूतनीकरणही न्यायालयाच्या परवानगीनेच होते, आणि न्यायालयाने आदेशात मुदत नमूद केली नसेल, तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे तो एका वर्षासाठीच मिळतो. एका वर्षाच्या पासपोर्टवर जहाज कंपन्या सहसा घेत नाहीत, म्हणून मुदत लिहून मागण्यास विसरू नये.

पोलिसांनी पासपोर्ट ताब्यात घेतला असल्यास एक भेद माहीत असावा. सुरेश नंदा प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पोलीस पासपोर्ट जप्त करू शकतात, परंतु तो कायमचा अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे.

अटी सुचवताना

न्यायालय अटी घालणारच असते. तेव्हा पाळता येतील अशा अटी स्वतःहून सुचवणे शहाणपणाचे ठरते. पासपोर्ट जमा करणे, ठरावीक दिवशी ठाण्यावर हजेरी, पत्ता व फोन क्रमांक बदलल्यास कळवणे या नेहमीच्या अटी आहेत. "परवानगीशिवाय गोवा राज्य सोडू नये" ही अट मात्र सरसकट मान्य करण्यापूर्वी नकाशा डोळ्यांपुढे आणावा. पत्रादेवी ओलांडली की बांदा, पोळे ओलांडले की कारवार. पेडण्यातील भाजीविक्रेता माल आणायला बांद्याच्या बाजाराला जातो, काणकोणकराची सोयरीक कारवारला असते, सत्तरीतील कितीतरी जणांचे येणे-जाणे बेळगावशी असते. ज्याला पोट भरण्यासाठी दर आठवड्याला सीमा ओलांडावी लागते, तो ही अट पहिल्याच महिन्यात मोडतो आणि मग ते मोडणे म्हणजे पळण्याची तयारी असे चित्र रंगवले जाते. "गोवा राज्य व सिंधुदुर्ग जिल्हा" किंवा "गोवा राज्य व उत्तर कन्नड जिल्हा" असा शब्दप्रयोग सुरुवातीलाच मागितला, तर न्यायालये कारण पाहून तो विचारात घेऊ शकतात.

आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल, अशी अट घालता येत नाही. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात गूगल मॅपवर ठिकाण दाखवत राहण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तो आरोपी नायजेरियन होता आणि दूतावासाकडून हमी आणण्याची अटही त्याला घातली होती. दूतावास हमी देत नसेल तर त्यापायी जामीन अडवू नये, असे न्यायालयाने ठरवले. किनारपट्टीवरील परदेशी आरोपींच्या प्रकरणांत हा निवाडा उपयोगी पडतो.

जामीनदार

रक्कम जितकी मोठी तितका आरोपी बांधला जातो, ही समजूत मला पटत नाही. मोठ्या रकमेमुळे गरीब आत राहतो आणि ज्याला खरोखर पळायचे आहे तो रक्कम सोडून देतो. नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ४८४ मध्ये, रक्कम अवाजवी नसावी असे स्पष्ट म्हटले आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार आणण्यास सांगितले होते आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने तो भाऊ नाकारला गेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत टीका केली. स्थानिक जामीनदारच हवा असा आग्रह धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ च्या निर्देशांत पुन्हा सांगितले. त्यामुळे सावंतवाडीचा मामा किंवा बेळगावची बहीण जामीनदार म्हणून उभी राहत असेल, तर हा निर्देश सोबत ठेवावा.

जामीनदार गोव्यातील मालमत्तेवर उभा राहणार असेल, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून जामीनदाराच्या जोडीदाराची लेखी संमती आधीच घेतलेली बरी. दुसरे म्हणजे वडिलांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नसेल, तर जामीनदाराचा वाटा किती हे कागदावरून दिसत नाही आणि कारकून तो कागद परत करतो. अशा वेळी पगारपत्रक किंवा बँकेतील मुदत ठेव दाखवणारा जामीनदार अधिक सोयीचा पडतो. जामीनदार मिळतच नसेल, तर कलम ४९० खाली रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते.

आदेश होऊनही आरोपी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी, म्हणजे येथे कोलवाळ कारागृहाच्या अधीक्षकांनी, जिल्हा विधिसेवा प्राधिकरणास कळवायचे असते. महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्यातून कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकते. विधिसेवेचा विनामूल्य क्रमांक १५१०० हा आहे.

जामिनानंतर

चुकलेल्या तारखांपैकी पुष्कळ तारखा पळून गेल्याने चुकत नाहीत; विसरल्याने, पत्ता बदलल्याने किंवा वकिलांचा फोन न लागल्याने चुकतात. न्यूयॉर्क शहरात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवल्याने गैरहजेरी सुमारे २१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडे ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख पाहता येते. तो क्रमांक आरोपीसोबत घरातील आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवावा आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, तपासावा.

आजारपणाने जाता येणार नसेल, तर वकिलांमार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा. तारीख चुकलीच आणि अजामीनपात्र वॉरंट निघाले, तर पोलीस येण्याची वाट न पाहता स्वतः हजर होऊन ते रद्द करून घ्यावे. जितके दिवस जातील तितके कारण दुबळे होते. जामिनावर असताना सबळ कारणाशिवाय हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे. न्यायालयाने उद्घोषणा काढल्यावरही हजर न झाल्यास कलम २०९ लागते, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि अटकपूर्व जामीन मिळणे जवळपास अशक्य होते. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी घोषित फरार ठरला, तर आरोप निश्चितीनंतर नव्वद दिवसांनी त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने आणली आहे.

जामीनदाराला आपली जबाबदारी पुढे नकोशी झाली, तर याच संहितेच्या कलम ४८९ खाली तो मुक्ततेचा अर्ज करू शकतो. तसा अर्ज होताच न्यायालय आरोपीला हजर करण्यासाठी वॉरंट काढते आणि नवा जामीनदार न दिल्यास त्याला कोठडीत पाठवू शकते. म्हणून जामीनदाराशी बोलणे चालू ठेवावे, आणि तो मागे हटणार असे दिसताच दुसऱ्या जामीनदाराचे कागद तयार ठेवून दोन्ही अर्ज एकाच तारखेला न्यायालयापुढे येतील असे पाहावे.